कंडक्टरमामाच्या सोयरिकी

येरमाळ्यापासून नळदुर्गापर्यंत रस्त्याकडेच्या कुठल्याही गावात उतरा आणि चाळिशी-पन्नाशीच्या एखाद्या बाईला विचारा, की बाई, तुमचं लग्न कुणी जमवलं? मामानं, आत्यानं, नशिबानं अशी उत्तरं येतीलच, पण मधूनमधून एक उत्तर हटकून येईल, ‘कंडक्टरमामानं.’ हा कंडक्टरमामा म्हणजे लिंबाजी. त्याचं आडनाव कुणाला आठवत नाही आणि त्याचंही त्यावाचून कधी अडलं नाही. ईट–नळदुर्ग गाडीवर त्यानं जवळजवळ सगळी नोकरी काढली. भूम, येरमाळा, धाराशिव, तुळजापूर असं करत, हात दाखवाल तिथं थांबत जाणारी ती लाल गाडी वेळेवर कधी पोचली नाही, पण तिच्यामुळं बऱ्याच पोरापोरींच्या डोक्यावर अक्षता मात्र वेळेवर पडल्या.

कंडक्टरच्या हातात असून असून काय असतं? तिकिटाचा ट्रे आणि घंटीची दोरी. लिंबाजीनं ओळखलं होतं, की आणखी एक गोष्ट असते, जागा. गाडी भरली की कुणी कुठं बसायचं हे तोच ठरवायचा. लग्नाची पोरगी घरात असलेली आई गाडीत चढली, की तिला लग्नाचं पोरगं असलेल्या आईशेजारी नेऊन बसवायचं, एवढीच त्याची युक्ती. “मावशे, सरक जरा पलीकडं. ह्या आपल्या भूमच्या वहिनी, घरच्यासारख्याच हायत,” एवढं बोलून तो पुढं जायचा. बायका त्या बायका. येरमाळा सोडेपर्यंत दोघींचं माहेर निघायचं, धाराशिव येईपर्यंत मामेकुळं जुळायची. मग लिंबाजी तिकिटाचा पंच टिकटिकवत परत मागं यायचा आणि सहज बोलल्यासारखं बोलून जायचा, “पोरगं नाकासमोर चालणारं हाय बरं का. सुपारीचं खांडसुद्धा खात न्हाय.” नळदुर्गला गाडी लागेपर्यंत पोरगी बघायचा वार ठरलेला असायचा.

ह्या उद्योगात त्यानं कुणाकडून दमडी घेतली नाही. टॉवेल, टोपी आणि नारळ, बस्स. पण लग्नात माईकवरून ‘आमचे कंडक्टरमामा’ असा पुकारा झाला, की त्याची मान अशी काही ताठ व्हायची की टोपी मागं सरकायची. त्याला हसायचं असेल तर हसा, मीही हसलो आहे. पण माणसाला जगायला काहीतरी लागतंच. रजा नामंजूर व्हायची, मुक्कामाला गाडीतच डास मारत पडायचं, कुणी दारू पिऊन चढायचं आणि वरून ह्यालाच शिव्या द्यायचं. अशा दिवशी ड्रायव्हर बसवराज वैतागून म्हणायचा, “लिंबा, आपला जन्म ह्या डबड्यात जाणार बघ.” त्यावर लिंबाजीचं ठरलेलं उत्तर होतं, “अरं, दुसरे नुसती माणसं वाहत्यात. आपण घरं जोडलीत.” हे तो तोंडदेखलं बोलत नव्हता. त्याचा त्यावर खरोखरच विश्वास होता आणि त्या एका विश्वासावर त्यानं सगळी नोकरी रेटली.

रिटायर झाला त्या दिवशी डेपोत हार पडला, फोटो निघाला. घरी आल्यावर बायकोनं, कडूबाईनं, हार खुंटीला अडकवला आणि ती म्हणाली, “साऱ्या जिल्ह्याला सुना आणून दिल्या. माझ्या चुलीपुढं मात्र मीच. आता तरी आपल्या घराकडं बघा.”

आपल्या घराकडं म्हणजे इंद्रजितकडं. एकुलता एक पोरगा, तेव्हाच लग्नाच्या वयाचा. येरमाळ्याजवळ थोडी शेती आणि हायवेला टायर-पंक्चरचं दुकान. लिंबाजीनं छाती ठोकून सांगितलं, “त्यात काय? हाक मारायचा अवकाश, दारात रांग लागंल.”

रांग लागली नाही. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला, असे पाच-सहा गेले आणि इंद्रजितनं तिशी कधीच मागं टाकली. लिंबाजीनं हाक मारायचं राहिलं बाजूला, स्वतःच दारोदार फिरायला सुरुवात केली. ज्या घरांच्या सोयरिकी त्यानं जुळवल्या त्याच घरांत आता लग्नाच्या पोरी होत्या. हिशेब तर सरळ होता. पण ते दिवस गेले होते. मानपान मिळायचा, तो काही कमी झाला नव्हता. ईटला, ज्याचं लग्न त्यानंच जमवलं होतं त्या शंभूकडं गेला तर शंभूनं पायाला हात लावला, बायकोला पुरण घालायला लावलं. जेवण झाल्यावर लिंबाजीनं विषय काढला तसा शंभू पानाला चुना लावत बसला. बराच वेळ लावत बसला.

“मामा, पोरगं सोन्यासारखं हाय, त्यात वाद न्हाय. पण आमची पोरगी म्हणती, शेतकरी नको. पुण्यात कंपनीत असंल तर बघा म्हणती. आजकालच्या पोरी, आपलं कोण ऐकतंय?”

आणि निघताना टॉवेल-टोपी. सगळीकडं तेच. कुणी तोंडावर नाही म्हणालं नाही, कुणी हो म्हणालं नाही. तोंडाला पानं पुसायची ती इतक्या मायेनं पुसायचे, की ह्याला रागावताही यायचं नाही. शेवटी शेवटी लिंबाजी चिडून घरी यायचा आणि कडूबाईवर खेकसायचा. तीही बिचारी ऐकून घ्यायची. इंद्रजित तर ह्या विषयात तोंडच उघडायचा नाही. कुणी विचारलं तर ‘अण्णा बघतायत’ एवढंच सांगायचा आणि टायर पाण्याच्या टाकीत बुडवून बुडबुडे बघत बसायचा.

यंदा पौषाच्या शेवटी बसवराजचा फोन आला. तोही रिटायर होऊन नळदुर्गला चहाचं हॉटेल टाकून बसला होता. “लिंबा, राजेश्वरीची पोरगी लग्नाची झाली की. प्रतीक्षा. सोलापूरला नर्स हाय. तू त्या घरावर केवढे उपकार केलेत. ती तुला न्हाय म्हणंल व्हय?”

लिंबाजीच्या अंगात परत वारं शिरलं. राजेश्वरी! कसं सुचलं नाही आपल्याला? बाप लहानपणीच गेलेली पोरगी. आई येरमाळ्याच्या बाजारात भाजी विकायची. सगळी मदार लिंबाजीवर होती. स्थळ बघायला आधी तो एकटाच गेला होता, नळदुर्गाच्या अलीकडं फाट्यावरच्या गावात. परत आल्यावर त्या माउलीनं एकच विचारलं होतं, “मामा, तुमी बघितलंय न्हवं?” तो म्हणाला होता, “म्या बघितलंय.” आई आणि सख्खा मामा नंतर घर बघून आले ते नावाला, तेवढ्यावरच लग्न झालं. पुढं कितीतरी वर्षं त्याची गाडी त्या फाट्यावर थांबायची आणि राजेश्वरी रानातून पळत येऊन खिडकीतून भुईमुगाच्या शेंगा द्यायची. “बरं हाय न्हवं, पोरी?” “बरं हाय, मामा.” आपल्या सगळ्या सोयरिकींत ही सोयरीक त्याला सगळ्यात गोड वाटायची. कुणी त्याच्या कामाला नावं ठेवली की तो हिचंच उदाहरण द्यायचा.

इस्त्रीचे कपडे घालून तो दुसऱ्याच दिवशी निघाला. कडूबाईनं देवापुढं दिवा लावला. येरमाळ्याच्या येडाईला नवस बोलली असणार, त्याशिवाय ती एवढी गप्प बसत नाही.

राजेश्वरीचं घर पूर्वीचंच होतं, पुढं फक्त पत्र्याची पडवी वाढली होती. तिनं हसतमुखानं पाणी दिलं, चहा ठेवला. केस निम्मे पांढरे झाले होते. प्रतीक्षा सुट्टीवर घरीच होती, सरळ नजरेची पोरगी. चहा देऊन ती आईशेजारीच बसली, आत गेली नाही. लिंबाजीला ते जरा खटकलं. पोरीच्या लग्नाची बोलणी आणि पोरगी समोर? पण काळ बदलला म्हणून त्यानं सोडून दिलं.

“जावई दिसत न्हाईत?” त्यानं विचारलं.

“ते कुठं इथं असत्यात,” राजेश्वरी म्हणाली.

लिंबाजीला वाटलं, ट्रकवर गेला असेल. नवरा हैदराबाद रस्त्याला ट्रक चालवायचा हे त्याला ठाऊक होतं. मग त्यानं घसा खाकरला आणि सवयीप्रमाणं सुरू केलं. शेती एवढी, विहीर बारमाही, दुकान अगदी हायवेला, सासू गरीब स्वभावाची, नणंद-जावेची कटकट नाही, पोरगं निर्व्यसनी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांसाठी म्हटलेलं तो आज स्वतःच्या पोरासाठी म्हणत होता.

राजेश्वरीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मामा, एक इचारू? लग्नाआधी घर बघायला आईला आणि माझ्या सख्ख्या मामाला तुमी घेऊन आलता, तवा ह्या दारात म्हशी व्हत्या. आठवतंय?”

“व्हय की. चांगल्या चार दावणीला व्हत्या.”

“त्या शरणप्पाकाकांच्या. शेजारच्या. लग्न होऊन आले, तिसऱ्या दिवशी पहाटे शेण काढायला उठले तर दावण मोकळी. मला वाटलं चोरी झाली, म्या वरडले. सगळी आळी हसली मला. सासू म्हणाली, अगं येडे, पाहुणे यायच्या दिवशी बांधल्या व्हत्या, तुमच्या कंडक्टरमामानंच सांगितलं व्हतं बांधायला.”

लिंबाजीला आठवलं. आठवायला फार वेळही लागला नाही. पाहुणे यायच्या दिवशी शेजारची जनावरं दावणीला बांधायची, दुसऱ्याचा ट्रॅक्टर दारात उभा करायचा, ही तेव्हाची सर्रास रीत होती. सारं गाव त्यात सामील असायचं, कुणी कुणाचं बिंग फोडायचं नाही, कारण उद्या आपल्याही दारात पाहुणे यायचे असतात. मध्यस्थाला तर हे कळतंच. लिंबाजीनंच म्हटलं होतं, दावण मोकळी बरी दिसत नाही. त्यात काही वावगं आहे असं त्याला तेव्हा वाटलं नव्हतं. आता, ह्या पडवीत, हातात चहाची बशी घेऊन बसलेला असताना वाटलं.

“पोरी, तवा सगळेच…”

“म्हशीचं मला काय न्हाय, मामा. म्हशी नसल्या तरी संसार होतो.” तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. “पण दावणीला काय दिसावं ह्याची तुमी एवढी काळजी घेतली. माणसाची चौकशी केली न्हाय. ह्यांचं जहीराबादकडं आधीचं घर व्हतं. बाई व्हती, एक पोरगं व्हतं. हे ह्या गावात लहान पोराला ठाऊक व्हतं. तुमी चावडीवर कुणालाबी इचारलं असतं तरी कळलं असतं. तुमी इचारलं न्हाय, आणि आईला सांगितलं, म्या बघितलंय.”

लिंबाजीनं बशी खाली ठेवली. तो म्हणाला, “मग तू मला कधी बोलली न्हाईस. दर खेपंला म्या इचारायचो.”

“तुमी घंटीच्या दोरीला हात घालून इचारायचा, मामा. गाडी सुटायच्या आत काय सांगायचं?”

प्रतीक्षा खाली बघत होती. तिला हे सगळं आधीपासून माहीत असावं. लिंबाजीला तिथून उठून चालतं व्हावंसं वाटलं, पण राजेश्वरीचं अजून संपलं नव्हतं.

“इंद्रजितचं सांगा मला. शेती-विहिरीचं नको. तो कसा हाय?”

“चांगला हाय.”

“चांगला म्हंजे? राग आला तर काय करतो? कुणापाशी मन मोकळं करतो? बायकोनं नोकरी केलेली चालंल का त्याला? पोरीचं नाव काढल्यावर काय म्हणाला?”

एवढ्या घरच्या पोरांचे गोडवे गाणारा लिंबाजी, आणि त्याला स्वतःच्या पोराबद्दल एक वाक्य सुचेना. राग आल्यावर इंद्रजित काय करतो? त्याला राग येतो तरी का? प्रतीक्षाचं नाव तर त्याच्या कानावरसुद्धा घातलं नव्हतं. त्यात पोराला काय विचारायचं असतं? परीक्षेत कोरा पेपर देणाऱ्या पोरासारखी त्याची गत झाली.

“तुमचा राग न्हाय, मामा,” ती म्हणाली. “आईच्या माघारी मला माहेर म्हणून तुमचीच गाडी व्हती. त्या शेंगा म्या जीव लावूनच देत व्हते. पण प्रतीक्षाचं तिचं ती बघंल.”

तिनं त्याला फाट्यापर्यंत सोडलं. टॉवेल-टोपी दिली नाही.

परतीच्या गाडीत त्याला खिडकीची जागा मिळाली. तुळजापूरला चढलेल्या एका बाईनं ओळखलं, “अगो बया, कंडक्टरमामा! तुमीच जमवलंतं की माझं.” एरवी त्यानं लगेच विचारलं असतं, बरं हाय न्हवं? आज त्यानं नुसते हात जोडले. तिनं ‘बरं हाय’ म्हटलं असतं तर त्यानं आता कशाच्या आधारावर खरं मानायचं? रस्त्यानं गावं मागं पडत होती. ह्या गावात दोन घरं आपली, त्या गावात तीन, असं मोजत यायची त्याची जुनी सवय. आज तो दुसरंच काही मोजत होता. कुणाच्या दावणीला काय बांधलं, कुणाच्या पोराची कुठली गोष्ट झाकली, कुठल्या आईला ‘म्या बघितलंय’ म्हणून सांगितलं. सगळ्याच सोयरिकी वाईट नसतील. निम्म्या तरी सुखात असतील. पण कुठल्या निम्म्या, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. आपण घरं जोडली असं सांगत जन्म काढला, आणि जोडलेल्या घरांत पुढं काय झालं हे बघायला एकदाही गाडीतून खाली उतरलो नाही. टोपी डोळ्यांवर ओढून तो झोपल्याचं सोंग घेऊन बसला.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. इंद्रजित दुकान बंद करून आला होता, कपड्याच्या पावडरीनं हाताचं काळं ऑईल घासत होता. कडूबाईनं नवऱ्याच्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि काही न विचारता ताटं वाढली. भाकरी, शेंगांची आमटी, कांदा. बापलेक समोरासमोर बसले. रोज बसायचे, पण लिंबाजीनं पोराकडं आज पहिल्यांदाच नीट बघितलं. कपाळावर मागं सरकत चाललेले केस, डाव्या गालावर कधीचा तरी व्रण. तो कसा पडला हेही त्याला माहीत नव्हतं.

“न्हाय म्हणाली,” तो म्हणाला.

“असू द्या, अण्णा.”

“इंद्रजित, तुला कशी पोरगी पायजे व्हती रं?”

इंद्रजितचा हात आमटीच्या वाटीत थांबला. “आता कशाला?”

“म्या तुला कधी इचारलंच न्हाय.”

इंद्रजितनं घास संपवला, पाणी प्याला. आता हा नेहमीसारखा उठून जाणार असं लिंबाजीला वाटलं. पण तो उठला नाही.

“व्हती एक,” तो म्हणाला. “सोनाली. आपल्या पलीकडच्या वस्तीवरची. कॉलेजला बरोबर व्हतो. तिलाबी मी पसंत व्हतो.”

“मग?”

“मग काय. तुमी तिचं ईटला जमवलंत.”

चुलीत काहीतरी तडतडलं. लिंबाजीला सोनाली आठवत होती. चांगली आठवत होती. चांगल्या घरचं स्थळ, दोन्हीकडचे लोक खूश, मांडवात फेटा बांधून ह्यालाच पुढं बसवलेलं.

“मग बोलला का न्हाईस, लेका? एक शब्द बोलायचा!”

“आईला बोललो व्हतो.”

लिंबाजीनं कडूबाईकडं बघितलं. ती पाठमोरी बसून तव्यावरची भाकरी उलटत होती. वळली नाही.

“सुपारी फोडून आलता तुमी,” ती म्हणाली. “सांगितलं असतं तर दिलेला शब्द मोडला असता? दारात आल्या आल्या म्हणालता, कडू, आज लई पुण्याचं काम झालं. मग म्याच ह्याची समजूत घातली.”

इंद्रजितनं ताटातच हात धुतला, ताट उचललं आणि बाहेर मोरीवर गेला. भांड्याचा आवाज आला, मग तोही थांबला. लिंबाजीच्या वाटीतली आमटी गार झाली होती.

“तिच्या लग्नात बुंदी ह्यानंच वाढली,” कडूबाई तव्याकडं बघतच म्हणाली. “पंगतीत तुमीच त्याला हाक मारून सांगितलं, नवरीला आग्रह कर, लाजती ती.”